चेस्की क्रुमलोव्हचा किल्ला: नाटकवेड्या बेळगावकरांनी बघायलाच पायजे

प्राग झालं की आपली टूरवाली मंडळी थेट व्हिएन्नाकडं पळतात, तसं करू नका, मधे एक दिवस चेक देशातल्याच चेस्की क्रुमलोव्हला द्या. प्रागहून बसनं साधारण तीन तास. व्ल्टावा नदीनं विळखा घातलेलं छोटं गाव आणि वर कड्यावर किल्ला, खंदकात चक्क अस्वलं पाळलेली.

किल्ला 13व्या शतकातला. 1302 पासनं रोझेनबर्ग घराण्याकडं होता, शेवटच्या धन्याला कर्ज झेपेना म्हणून 1602 ला त्यानं बादशहा दुसऱ्या रुडॉल्फला विकून टाकला, मग एगेनबर्ग घराणं आलं आणि 1719 पासनं श्वार्झेनबर्ग घराणं. 19व्या शतकात श्वार्झेनबर्गांचा सगळा थाट ह्लुबोका या दुसऱ्या गावच्या त्यांच्या वाड्याकडं गेला त्यामुळं इथं मोडतोड करून नवं बांधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, म्हणून तर जुनं एवढं टिकलंय. युनेस्कोच्या यादीत 1992 ला आलं.

पण खरं बघायचं ते थिएटर! 1766 साली नव्यानं सजवलेलं, आणि स्टेजखालची लाकडी यंत्रं अजून तिथंच आहेत, खाली माणसांनी चाक फिरवलं की दोन्ही बाजूच्या रंगवलेल्या विंगा एकदमच सरकतात, प्रेक्षकांच्या डोळ्यादेखत जंगलाचा राजवाडा होतो. वारा, पाऊस, गडगडाट काढायची लाकडी साधनं वेगळी. कपडे, पडदे, सामान सगळं जपलंय. आमच्याकडच्या संगीत नाटकांचे ते रंगवलेले पडदे कुठं गेले कुणाला पत्ता नाही, ते आठवून पोटात तुटलं.

आतल्या महालांच्या टूरमध्ये 1638 ची सोन्याचा मुलामा दिलेली बग्गी आहे, पोपच्या भेटीसाठी केलेली. आणि मास्करेड हॉल, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा दिवाणखाना, भिंतीभर 1748 साली रंगवलेली मुखवटे घातलेली माणसं, काही तर खोट्या सज्ज्यातनं खाली वाकून आपल्याकडंच बघतात, तिथनं पाय निघत नाही.

अजून एक, गावातले बहुतेक लोक पूर्वी जर्मन बोलणारे. 1938 ला म्युनिक करारानंतर हिटलरनं हा भाग घेतला, युद्ध संपल्यावर जर्मनभाषिकांना घरंदारं सोडून जावं लागलं. गाव कुणाचं, भाषा कुठली या वादातच वाढलेल्या आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे फार आत लागतं. गल्ल्यांतनं फिरताना हे माहीत असलं की घरांकडं बघायची नजरच बदलते.

थिएटरचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं आणि थंडीत ते बंद असतं, तेव्हा उन्हाळ्यातच जा आणि बुकिंग आधी करा. आत फोटो काढू देत नाहीत. रस्ते सगळे दगडी, चप्पल नको, बूटच घाला.