दुर्गम वस्तीवरच्या दंतशिबिरासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड : वापरून पाहिल्यावरचं मत

दूरच्या आदिवासी वस्तीवर स्वयंसेवी दंतशिबिराला जाताना बॅगेत एकच औषध मावणार असेल, तर ३८ टक्क्यांच्या सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडची, म्हणजे दाताची कीड थांबवणाऱ्या द्रव औषधाची बाटली घ्या. ड्रिल, वीज, भुलीची सुई यांपैकी कशावाचूनही अडत नाही. यातली चांदी किडीतले जंतू मारते आणि फ्लोराइडमुळे मऊ पडलेला दात टणक होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत याचा समावेश केला, तो उगीच नाही.

एका थेंबात साधारण पाच दात होतात. खड्ड्यात अडकलेलं अन्न काढा, ओठांना व्हॅसलीन चोळा, दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या ठेवून दात कोरडा करा. थेंब प्लास्टिकच्याच वाटीत घ्यायचा. काच आणि धातू यामुळे खराब होतात. मायक्रोब्रशने (अगदी बारीक टोकाच्या ब्रशने) किडीवर चोळून मिनिटभर थांबायचं, उरलेलं टिपून घ्यायचं. मुलांची रांग लांबली की घाईत दात नीट कोरडा होत नाही, आणि लाळ मिसळली की औषध पातळ होतं. थेंब आधीच काढून ठेवू नका.

डागाचं मात्र आधी बोलावंच लागतं. पिवळट-तपकिरी कीड कोळशासारखी काळी पडते आणि ती काळीच राहते. आईबापांना त्यांच्याच भाषेत, काळ्या पडलेल्या दाताचा फोटो दाखवून विचारा. पुढच्या दातांसाठी तर नक्कीच. कातडीवरचा डाग आठवडा-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही.

रात्री आपोआप ठणकणारा दात किंवा हिरडीवर पुवाची पुळी असेल, तर हे लावून उपयोग नाही. तिथे मुळाचा उपचार तरी करावा लागतो, नाहीतर दात काढावा लागतो. चांदीची ॲलर्जी किंवा तोंडात जखमा असतील तरी टाळा.

खड्डा यानं बुजत नाही. अन्न अडकत असेल तर वरून ग्लास आयनोमर, म्हणजे दातात भरायचं सिमेंट, भरा. ते हाताने कालवता येतं, पण उकाड्यात लवकर घट्ट होतं; कालवलेल्याची चकाकी गेली असेल तर टाकून द्या, दाताला धरणार नाही.

खरी उणीव एकच : एकदा लावून भागत नाही. वर्षातून दोनदा लावलं तर कीड थांबण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून कोणत्या मुलाच्या कोणत्या दाताला कधी लावलं याच्या नोंदवहीची एक प्रत वस्तीवरच्या आरोग्यसेविकेकडे ठेवा, आणि वस्तीवरून निघण्यापूर्वीच सहा महिन्यांनंतरची तारीख तिच्याशी ठरवून घ्या.