आल्तिनो की जेजे?

भाचीने नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, दिली आणि घरात एकच विषय सुरू झाला. पणजीचं गोवा आर्किटेक्चर कॉलेज की मुंबईचं सर जेजे आर्किटेक्चर कॉलेज? बी.आर्क. ही पदवी दोन्हीकडे पाच वर्षांचीच.

जेजेचा दबदबा मोठा. १९१३ पासूनची परंपरा, सीएसएमटीची इमारत हाकेच्या अंतरावर. शहर कसं चालतं, गर्दीत माणसं कशी वावरतात, हे तिथे रोज दिसतं. पण राहण्या-जेवणाचा खर्च आधी नीट मांडून बघा.

आपलं गोव्याचं कॉलेज १९८२ चं, पणजीतल्या आल्तिनोच्या टेकडीवर. खाली उतरलं की फोंताईन्यास, पणजीची जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती! तिथल्या जुन्या खिडकीत शिंपल्याची तावदानं अजून सापडतात. दुपारचं ऊन त्यातून दुधासारखं मऊ होऊन आत येतं. चिऱ्याची भिंत, उतरतं कौलारू छप्पर, दारासमोरचा बाल्कांव, म्हणजे बसायचा ओटा... आपला पाऊस आणि उकाडा सोसायला शिकलेली ही घरं आहेत. पणजीतच कांपालला वास्तुकार चार्ल्स कोरियांनी रचलेली कला अकादमी आहेच. आणि ही जुनी घरं आज भराभर पडतायत. ती मोजून, रेखाटून ठेवणारी मुलं इथे हवीत.

माझं मत स्पष्ट आहे: गोव्यात काम करायचं असेल तर आल्तिनोच. मुंबई ट्रेनिंगच्या सेमिस्टरला गाठता येते. उंच टॉवर, शहररचना याचीच ओढ असेल, तर मात्र जेजे सोडू नकोस, असं तिला सांगितलंय.