दांडिया बाजारातले बाइंडरकाका

आजोबा १९५५ च्या गोवा सत्याग्रहाला गेले होते. त्यांची पत्रकं ट्रंकेत पडून होती. घरात सगळे म्हणत, रद्दीत घाल. मग मी जोसे पाशेको परेरा या पोर्तुगीज इतिहासकार-राजकारण्याबद्दल वाचलं. जन्म पोर्टोतला, १९४९ चा. तरुणपणी माओवादी, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीविरुद्ध झगडलेले. पुढे सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार. तरीही कम्युनिस्ट नेते आल्वारू कुन्याल यांचं अनेक खंडांचं चरित्र लिहिलं त्यांनीच! आणि पोर्तुगालमधल्या मार्मेलेरा गावी पत्रकं, पोस्टर, स्टिकर जमवून ‘एफेमेरा’ हा संग्रह उभा केला. विरोधकांचा कागदही ते जपतात, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणून ट्रंक उघडली आणि पत्रकं बांधायला दांडिया बाजारातल्या बाइंडरकाकांकडे दिली. काकांनी खळीत मोरचूद घातलं (कसर लागत नाही), प्रत्येक पत्रक जाड कागदावर नुसतं कडेनं चिकटवलं, म्हणजे मागची बाजूही वाचता येते. कापडी पाठ, आठ दिवस, साडेतीनशे रुपये. एका पत्रकाची कड कापताना तारीख गेली, त्याचं वाईट वाटलं, त्यांनाही वाटलं. कापू नका, हे आधीच सांगा. जुने कागद मात्र बिनधास्त द्या. मी दुसरा गठ्ठा सोमवारी नेतेय.