ब्रेस्ट इम्प्लांटचं साइज कन्सल्टेशन: ४ स्टार

डॉक्टरांनी कप साइजचा विषय आधीच बाजूला ठेवला, कारण प्रत्येक ब्रँडचा सी कप वेगळा, इम्प्लांट सीसीमध्ये (म्हणजे मिलीलिटरमध्ये) मोजतात आणि तेच ३०० सीसी अरुंद छातीवर एकदम मोठं दिसतं, रुंद छातीवर कळतपण नाही. मग टेपने रुंदी मोजली, त्वचा चिमटीत धरून जाडी बघितली, ब्रामध्ये सायझर (ट्रायलसाठीचं नमुना इम्प्लांट) घालून आरशासमोर हवा तेवढा वेळ दिला (घट्ट टीशर्ट घालून जा, सैल कपड्यात काही कळत नाही).

मी अजून मोठं मागत होते तर सरळ नाही म्हणाले. वजन जास्त असलं की हळूहळू त्वचा ताणते, टिश्यू पातळ होतो, इम्प्लांट खाली सरकू शकतं, कडेला सुरकुत्या हाताला लागतात आणि नंतर छोटं घालायचं म्हटलं तरी उरलेल्या सैल त्वचेसाठी लिफ्ट (सैल त्वचा काढून स्तन वर उचलायचं ऑपरेशन) करावी लागू शकते. झालं, मी गप्प.

एक स्टार कापला कारण इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं, पुढेमागे परत ऑपरेशन लागू शकतं, आणि सिलिकॉनचं असेल तर त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा अल्ट्रासाउंड, मग दर २-३ वर्षांनी परत, असं अमेरिकेचं एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) सुचवतं, हे सगळं मी खोदून विचारल्यावर सांगितलं. खर्चाच्या कागदावर तर त्याचा पत्ताच नव्हता.