टेफ्लॉन तोटीचा ब्युरेट: आठ महिन्यांच्या टायट्रेशननंतर

वस्तू: ५० मिलीचा बोरोसिलिकेट काचेचा ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणा केलेली उभी नळी), क्लास बी, पांढऱ्या टेफ्लॉनची तोटी, सोबत १० मिलीचा पिपेट (ठरावीक मापाचा द्रव उचलणारी नळी). वापर: जुलै ते फेब्रुवारी, बारावीची प्रॅक्टिकल्स, बहुतेक वेळा पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन, म्हणजे फ्लास्कमधल्या आम्लात ब्युरेटमधून परमँगनेट थेंबाथेंबाने सोडून ते किती लागतं हे मोजणं.

काचेच्या तोटीला ग्रीस लागतं. ते जास्त झालं की भोकातून टोकात उतरतं आणि धार अडते, कमी पडलं की तोटी गळते. सोडियम हायड्रॉक्साइड रात्रभर राहिलं तर काच काचेला धरून बसते. रबरी नळी-चिमट्याच्या ब्युरेटमध्ये परमँगनेट भरूच नये, ते रबर खातं. टेफ्लॉन तोटीने या तिन्ही कटकटी संपवल्या. ग्रीस शून्य, आणि अर्धा थेंब टोकाला लटकवून फ्लास्कच्या काठाने टिपून घेता येतो. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, त्यामुळे एंड पॉइंटपाशी, म्हणजे अभिक्रिया पूर्ण होऊन रंग बदलतो तिथे, हा ताबा फार मोलाचा.

आल्याआल्या तपासणी करावी. डिस्टिल्ड पाणी भरून १० मिली बाटलीत सोडायचं आणि वजन करायचं. २७ अंशांना ते ९.९६ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ५० मिलीच्या क्लास बी ब्युरेटला ०.१ मिलीपर्यंत चूक माफ असते, क्लास ए ला ०.०५. शाळा-कॉलेजच्या कामाला बी पुरतो.

आता मुख्य गोष्ट. मोल (रेणूंची ठरावीक मोठी संख्या) ही संकल्पना पाठ करून डोक्यात बसत नाही, या ब्युरेटवर बसते. ऑक्झॅलिक आम्लाचे ३.१५ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून द्रावण ५०० मिलीपर्यंत आणलं की ०.०५ मोलर होतं, म्हणजे लिटरला ०.०५ मोल. इथे रेणुभार १२६ धरायचा, ९० नाही, कारण स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात. ९० धरून तोललं तर द्रावण पातळ होतं आणि पुढचं सगळं गणित फसतं. या द्रावणाचे १० मिली म्हणजे ०.५ मिलिमोल. परमँगनेटचे २ मोल ऑक्झॅलिक आम्लाच्या ५ मोलांना पुरतात, म्हणजे लागणार ०.२ मिलिमोल. परमँगनेट ०.०२ मोलर असेल तर सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग) नेमका १०.० मिली यायला हवा. विद्यार्थ्याने २:५ उलटं लिहिलं तर परमँगनेटची मोलॅरिटी ०.०२ ऐवजी ०.१२५ येते, सहापटीहून जास्त. एवढा फरक पाहिल्यावर गुणोत्तर कुठे लावायचं हे पक्कं होतं.

रीडिंग कुठल्या बाजूला चुकलं हे पाहिलं की कारण सापडतं. ब्युरेट डिस्टिल्ड पाण्याने धुऊन परमँगनेटने दोनदा खंगाळला नाही तर द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. टोकात अडकलेला बुडबुडा मधेच निघून गेला तरी वाढतं. कॉनिकल फ्लास्क ऑक्झॅलिक आम्लाने खंगाळला तरी वाढतं, कारण आत जादा मोल राहतात. पण त्याच फ्लास्कमध्ये थोडं डिस्टिल्ड पाणी राहिलं तर काहीही बिघडत नाही! पिपेटने टाकलेले मोल तेवढेच राहतात, मोलॅरिटी तेवढी बदलते. मोल आणि मोलॅरिटी यातला फरक मुलांना इथेच उमगतो, म्हणून हा प्रयोग मुद्दाम पाणी घालून एकदा करून दाखवावा.

फ्लास्कमध्ये घातलेलं सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं तर गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइड. मँगनीज अशा वेळी पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतं, त्यामुळे परमँगनेट जास्त लागतं. त्याऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घालू नये, क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण होतं आणि रीडिंग फुगतं.

फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवावा. उकळवला तर ऑक्झॅलिक आम्लाचं विघटन होऊन रीडिंग घटतं. पहिले थेंब गरम द्रावणातही रेंगाळत विरतात. घाई करू नये. तयार होणारं द्विसंयुजी मँगनीजच पुढे उत्प्रेरक होतं आणि मग रंग झटझट जातो. फिकट गुलाबी ३० सेकंद टिकली की थांबायचं. परमँगनेट गडद असल्याने रीडिंग द्रवाच्या पृष्ठभागाच्या वरच्या कडेचं घ्यायचं, दोन्ही वेळा एकाच कडेचं.

तक्रारी आहेत. तोटीची नट सुरुवातीला घट्ट केलेली होती, ती तशीच ठेवली तर टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू पसरतो आणि पुढे गळती लागते. थेंब गळणं बंद होईल इतपतच आवळावी. खुणांची छपाई ठीक आहे, पण तारेच्या घासणीने ती जाते, मऊ ब्रशच वापरावा. परमँगनेट रात्रभर राहिलं तर टोकात आणि तोटीच्या भोकात तपकिरी थर धरतो. त्यावर कोमट ऑक्झॅलिक आम्लात थोडं पातळ सल्फ्युरिक आम्ल घालून दहा मिनिटं ठेवलं की थर विरघळून जातो. मग नळाचं पाणी, शेवटी डिस्टिल्ड, ब्युरेट उलटा टांगायचा आणि तोटीची नट अर्धा फेरा सैल करून ठेवायची.