बेर्सीचं सिनेमा-ग्रंथालय: आजच्या फ्रेंच सिनेमावर प्रबंध लिहिणाऱ्याला किती पुरतं?

पॅरिसच्या १२व्या विभागात, ५१ र्‍यू द बेर्सी या पत्त्यावर सिनेमातेक फ्राँसेज या चित्रपट-संग्रह संस्थेची इमारत आहे. वास्तुविशारद फ्रँक गेरीने ती मुळात अमेरिकन सेंटरसाठी उभारली होती. सिनेमातेक तिथे २००५ साली आलं. लोक येतात ते मुख्यतः खेळ आणि प्रदर्शनं बघायला. विद्यापीठात सिनेमा शिकणाऱ्याच्या कामाची जागा मात्र इथलं ग्रंथालय. २००० नंतरच्या फ्रेंच सिनेमावर मास्टर्सचा प्रबंध, म्हणजे तिथल्या भाषेत ‘मेम्वार’, लिहिणाऱ्याला ते किती उपयोगी पडतं, एवढ्याच प्रश्नापुरतं हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगायचा तर चित्रपटाभोवतीच्या कागदांसाठी याच्या तोडीची जागा शहरात नाही. ताजा चित्रपट पाहण्यासाठी मात्र यावर विसंबून राहू नये. बहुतेक विद्यार्थी नेमकं उलटं करतात. चित्रपटांची यादी घेऊन येतात, त्यातले निम्मे न मिळाल्यामुळे खट्टू होतात आणि कात्रणांकडे न वळताच परत जातात.

जाणं-येणं सोपं आहे. मेट्रोच्या ६ आणि १४ या मार्गिका बेर्सीला थांबतात. सोर्बोन नुव्हेल विद्यापीठाच्या नासियों इथल्या नव्या संकुलातून ६ नंबरने पाचवं स्थानक. मंगळवारी बंद. प्रवेश सर्वांना खुला आहे. एका दिवसाचं तिकीट मिळतं, वर्षाचं कार्डही मिळतं आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे. आठवड्यातून एकदा जरी जाणार असाल तरी वर्षाचं कार्डच घ्यावं. पुस्तकं घरी नेता येत नाहीत, सगळं वाचन तिथेच बसून.

जाण्याआधीचं काम घरी करायचं. ‘सिने-रसूर्स’ ही ग्रंथालयाची सूची इंटरनेटवर खुली आहे. एका चित्रपटाच्या नोंदीखाली पुस्तकं, नियतकालिकांतले लेख, कात्रणं, छायाचित्रं आणि हस्तलिखितं असे वेगवेगळे कप्पे दिसतात. प्रत्येक कप्पा उघडून त्यातले क्रमांक वहीत उतरवून न्यावेत. शोध मूळ फ्रेंच नावानेच घ्यावा, कारण आपल्याकडे माहीत असलेलं इंग्रजी नाव कधीकधी अजिबात वेगळं असतं. दिग्दर्शिका सेलीन सियामाचा ‘गर्लहूड’ तिथे ‘बांद द फीय’ म्हणून नोंदलेला आहे.

नियतकालिकांत ‘काये द्यु सिनेमा’ आणि ‘पोझितीफ’ सगळेच उघडतात. पहिलं १९५१ पासूनचं, दुसरं १९५२ पासूनचं. एकाच चित्रपटावर दोन्हींचं मत शेजारी ठेवून वाचणं हा उत्तम अभ्यास आहे. पण समकालीन सिनेमावर काम करणाऱ्याने ‘ल फिल्म फ्राँसे’ हे धंद्याचं साप्ताहिक चुकवू नये. कुठला चित्रपट कधी चित्रीकरणाला गेला, निर्माता कोण, वितरक कोण, किती पडद्यांवर लागला, हे त्यात आठवड्याच्या आठवड्याला छापून येतं. समीक्षेतून चित्रपटाचा अर्थ हाती येतो, या साप्ताहिकातून त्याची परिस्थिती. प्रबंधाला दोन्ही लागतं.

आता कात्रणं. या ग्रंथालयाचं खरं मोल इथे आहे. चित्रपटागणिक दैनिकं आणि साप्ताहिकांतली परीक्षणं, मुलाखती, बातम्या जमवून त्यांच्या डिजिटल प्रती केलेल्या आहेत, आणि त्या फक्त ग्रंथालयातल्या संगणकांवरच दिसतात. एका बैठकीत ‘ले मोंद’, ‘लिबेरासियों’, ‘तेलेरामा’ वगैरेंची त्या चित्रपटाबद्दलची मतं डोळ्यांखालून जातात. वाचताना तारखेच्या क्रमाने वाचावं. कानच्या महोत्सवात दाखवलेल्या चित्रपटाची परीक्षणं दोन लाटांत येतात: एक मे महिन्यात महोत्सवातून धावपळीत पाठवलेली, दुसरी चित्रपट लागला त्या बुधवारच्या आसपासची. एकाच वर्तमानपत्राने दोन्ही वेळा लिहिलेलं असतं, कधी दोन वेगळ्या समीक्षकांनी, कधी मत बदलून. या दोन लाटा एकत्र कालवून ‘समीक्षकांनी स्वागत केलं’ असं वाक्य लिहिलं की परीक्षक तिथेच थांबवतात. प्रत्येक कात्रणाची पूर्ण तारीख आणि लेखकाचं नाव उतरवून घ्यावं; ‘२०१९ चं परीक्षण’ एवढ्याने भागत नाही.

याच्याच जोडीला वितरकाने पत्रकारांना वाटलेली माहितीपुस्तिका असते, ‘दोसिए द प्रेस’. तिच्यात दिग्दर्शकाची लांबलचक मुलाखत असते आणि ती उद्धृत करण्याचा मोह होतो. ती जरूर वापरा, पण तो प्रसिद्धीचा मजकूर आहे आणि वितरकाच्या सांगण्यावरून तयार झालेला आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. आणखी एक बारकावा असा की कित्येक परीक्षणांतली वाक्यं याच पुस्तिकेतून आलेली असतात. आधी पुस्तिका वाचली तर समीक्षकाचं स्वतःचं काय आणि उचललेलं काय, हे लगेच कळतं.

गेल्या काही वर्षांची कात्रणं मात्र विरळ वाटतात. लेखनाचा मोठा भाग कागदावरून इंटरनेटवर गेला, त्यामुळे कात्रणांच्या पद्धतीची पकड सैल होणारच. ही पोकळी ‘युरोप्रेस’ या ऑनलाइन वृत्तपत्र-संग्रहातून भरून काढावी. विद्यापीठाच्या खात्यातून तो सहसा विनामूल्य उघडतो.

हस्तलिखितं आणि निर्मितीचे कागद बघायला आधी वेळ ठरवावी लागते आणि अभ्यासाचं कारण द्यावं लागतं. जुन्या पिढीच्या दिग्दर्शकांबाबत हा संग्रह अफाट आहे, पण हयात आणि कामात असलेल्या दिग्दर्शकाचे कागद तिथे असण्याची शक्यता कमीच. असले तरी त्यांची यादी होऊन ते खुले व्हायला वर्षं जातात. त्यामुळे २०१५ नंतरच्या चित्रपटाची ‘चित्रीकरणाची वही तपासू’ असं आश्वासन प्रबंधाच्या आराखड्यात देऊ नये. त्याऐवजी राष्ट्रीय चित्रपट केंद्राच्या, म्हणजे सेएनसेच्या, नोंदी पाहाव्यात. फ्रान्समध्ये चित्रपटगृहात लागणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला परवाना क्रमांक असतो, आणि निर्मितीचे व सहनिर्मितीचे करार सार्वजनिक नोंदवहीत नोंदवले जातात. पैसा कुठून आला, कुठल्या वाहिनीने आधी हक्क घेतले, १९५९ पासून चालू असलेलं ‘आव्हांस स्यूर रसेत’ हे सरकारी आगाऊ अनुदान मिळालं की नाही, हे कळल्याशिवाय आजच्या फ्रेंच सिनेमाबद्दल बोलणं अर्धवट राहतं. सेएनसेच्या तिजोरीत प्रत्येक तिकिटावरचा १०.७२ टक्के करही जातो. वर्षाला तीनशेच्या आसपास चित्रपट तिथे कसे तयार होतात, याच्या उत्तराचा मोठा भाग या व्यवस्थेत आहे.

चित्रपट पाहण्यासाठी ग्रंथालयात स्वतंत्र संच आहेत. पण जे डीव्हीडीवर आलं तेच तिथे असण्याची शक्यता, आणि लहान चित्रपट पुष्कळदा डीव्हीडीवर येतच नाहीत. इथे फ्रान्सचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. जानेवारी २०२२ च्या करारानुसार चित्रपट पडद्यावर लागल्यावर साधारण चार महिन्यांनी डीव्हीडी आणि ऑनलाइन भाड्याने, नेटफ्लिक्सवर पंधरा महिन्यांनी, मोफत वाहिन्यांवर बावीस महिन्यांनी, असे टप्पे ठरले. पुढे काही कंपन्यांनी वेगळे सौदे केले, तरी सांगाडा तोच राहिला. हिशोब करून बघा: सप्टेंबरात लागलेला चित्रपट घरी बघायला जानेवारी उजाडणार, आणि प्रबंध जूनमध्ये द्यायचा. म्हणजे पहिलं पाहणं चित्रपटगृहातच, तेही पहिल्या आठवड्यात. नवे चित्रपट बुधवारी लागतात. पुढच्या बुधवारी लहान चित्रपटाचे खेळ घटून दुपारच्या एखाद्या अडनिड्या वेळेवर येतात.

त्यासाठी यूजीसी या चित्रपटगृहांच्या साखळीचं, हवे तितके चित्रपट दाखवणारं अमर्याद कार्ड घ्यावं. ते २००० साली निघालं, एमके२ या दुसऱ्या साखळीच्या पडद्यांवरही चालतं आणि २६ वर्षांखालच्यांना स्वस्त पडतं. पैसे दरमहा बँक खात्यातून कापले जातात, म्हणून पॅरिसला पोहोचल्यावर खातं उघडण्याचं काम पहिल्याच आठवड्यात उरकावं. यूजीसीचं मोठं चित्रपटगृह कूर सांत-एमिलियोंला आहे, ग्रंथालयापासून चालत जाण्याइतकं जवळ.

भाषेबद्दल एक गोष्ट आवर्जून. फ्रान्समध्ये फ्रेंच चित्रपटाला उपशीर्षकं नसतात. फ्रेंचची बी-२ पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यालाही उपनगरातल्या मुलांचं बोलणं किंवा पुटपुटत म्हटलेले संवाद निसटतात. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी काही खेळ फ्रेंच उपशीर्षकांसह असतात आणि चित्रपटगृहाच्या वेळापत्रकात तशी खूण असते. पहिल्या वर्षी ते खेळ शोधून गाठावेत.

जे कुठेच मिळत नाही त्यासाठी सीन नदी ओलांडायची. सिमोन द बोव्हुआर पादचारी पुलावरून, किंवा १४ नंबरने दोन स्थानकं पुढे, फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या संशोधक विभागात ‘पी’ दालन आहे. कायद्याने जमा झालेल्या चित्रफिती आणि १९९५ पासूनचा आकाशवाणी-दूरचित्रवाणीचा, ‘इना’ या राष्ट्रीय दृक्श्राव्य संस्थेचा साठा तिथे बघता येतो. दिग्दर्शकांच्या रेडिओवरच्या लांब मुलाखती हा त्यातला मोठा ऐवज. प्रवेशासाठी संशोधनाचं कारण दाखवावं लागतं, म्हणून मार्गदर्शकांचं पत्र सोबत न्यावं.

तिथली प्रत सोबत नेता येत नाही, त्यामुळे दृश्याची शॉटवार फोड जागेवरच करायची. वहीत आधीच रकाने आखून जावं: शॉटचा क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी, चौकटीचं माप, कॅमेऱ्याची हालचाल, आवाज, संवाद. चार मिनिटांच्या दृश्यात चाळीस शॉट असले तर अख्खी दुपार धरावी. आवाजाच्या रकान्यासाठी दृश्य डोळे मिटून एकदा स्वतंत्र ऐकावं. बहुतेकांच्या तक्त्यात तोच रकाना रिकामा राहतो, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच्यावर येतो.

पुण्या-मुंबईहून मास्टर्ससाठी अर्ज करणाऱ्यांना याचा उपयोग फ्रान्सला जाण्याआधीच आहे. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा मागितला जातो, आणि त्यात कोणते चित्रपट अभ्यासणार ते लिहावं लागतं. यादी पक्की करण्याआधी प्रत्येक नाव सिने-रसूर्समध्ये घालून पाहावं. तीन चित्रपट घेणार असाल तर निदान दोन असे घ्या, ज्यांच्या नोंदीत कात्रणांचा कप्पा भरलेला आहे आणि डीव्हीडी निघालेली आहे. तिसरा अगदी ताजा असला तरी चालेल. त्याची कात्रणं तो लागेल त्या बुधवारपासून स्वतः जमवायला घ्यावीत.