डेमोत ‘९३०’ दिसलं तर ॲडव्हान्स देऊ नका

‘डायनॅमिक शेड्युलिंग’ म्हणजे कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी करायचं हे बदलत्या परिस्थितीप्रमाणे ठरवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या नावाखाली जॉबवर्क करणारी छोटी युनिट्स ठरावीक पद्धतीने फसतात. डेमोत १० जॉब, १० मशीन. दोन-चार सेकंदांत रंगीत गँट चार्ट (कोणत्या मशीनवर कोणता जॉब कधी, हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) उभा राहतो, खाली ‘सर्वोत्तम वेळ : ९३०’. शक्य क्रम एकावर ६५ शून्यांहून जास्त, असं सांगितलं की मालक गार होतो आणि चेकबुक काढतो.

हा डेमोतला डेटा फिशर आणि थॉम्पसन या संशोधकांचा, १९६३ सालचा. ९३० पेक्षा कमी वेळ शक्य नाही हे कार्लिए आणि पिन्सन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलं. आज गूगलचं ओआर-टूल्स हे असे प्रश्न सोडवणारं सॉफ्टवेअर फुकट उतरवून साध्या लॅपटॉपवर तेच उत्तर काढता येतं. फुकटचं इंजिन वापरण्यात गैर काही नाही. ‘आमचा स्वतःचा एआय’ म्हणून त्याचे लाखो लावणं ही लबाडी.

शिवाय त्या डेटात सेटअप (एका जॉबवरून दुसऱ्यावर जाताना मशीन तयार करण्याचा वेळ) नाही, शिफ्ट नाही, ब्रेकडाउन नाही. सगळे जॉब पहिल्या मिनिटाला हजर. आपल्या शॉपमध्ये असं कधी असतं?

म्हणून पैसे देण्याआधी आपली ३० जुनी जॉब कार्डं द्या आणि आपल्यासमोर प्लॅन काढायला लावा. मग साडेअकराला एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) तीन तास बंद दाखवा. नकली सॉफ्टवेअर इथेच उघडं पडतं : ते सगळा प्लॅन शून्यापासून काढतं. लेथवर बांधलेला जॉब उद्यावर जातो, सकाळी संपलेलं ऑपरेशन पुन्हा रांगेत येतं. कारण काय संपलं, काय चालू आहे याची नोंदच त्यात नसते. चालू काम गोठवणार कसं?

दुसरी खूण ‘इंटरॅक्टिव्ह’ची. माउसने एखादी पट्टी ओढून त्याच मशीनवरच्या दुसऱ्या जॉबवर टाका, किंवा हार्डनिंगनंतरच करायचं फायनल ग्राइंडिंग त्याच्या आधी न्या. मुकाट्याने बसली तर तो चार्ट नव्हे, चित्र आहे. पट्टी अडली पाहिजे, निदान कोणता नियम मोडला ते तरी दिसलं पाहिजे.

पावडर कोटिंगवाल्यांनी सेटअप दोन्ही बाजूंनी तपासावा. काळ्यानंतर पांढरा रंग घ्यायचा तर बूथ अगदी नीट साफ करावा लागतो, उलट क्रमात तेवढं नाही. ४५ आणि १५ मिनिटं असे दोन वेगळे आकडे भरता येत नसतील तर तिथला क्रम चुकणारच. पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कॅलेंडरात रविवार पक्का बसवलेला असेल तर प्लॅन पहिल्याच आठवड्यात कोसळतो.

‘हे पुढच्या व्हर्जनमध्ये येईल’ असं उत्तर मिळालं तर पैसेही पुढच्या व्हर्जनला द्या. करारात ‘रिअल-टाइम’ हा शब्द नको. वरच्या चाचण्या जशाच्या तशा लिहा, हप्ता त्या पास झाल्यावर, आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून घेण्याची सोय पहिल्या दिवसापासून.